हेळदऱ्याचं लाकूड

१

आषाढ लागला की अर्जुना सुताराचा फोन दिवसभर वाजायचा. पलूसमध्ये आणि आसपासच्या वस्त्यांवर दारं फुगायची, चौकटीत अडकायची. बायका खांदा लावून लावून दमायच्या आणि मग कुणीतरी म्हणायचं, मिस्त्रीला बोलवा. अर्जुना स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून जायचा, दार उतरवायचा, कडेवरून रंधा फिरवायचा, दोन सूत, म्हणजे पाव इंच लाकूड काढायचा आणि दार परत बसवायचा. तासाभराचं काम. वर चहा व्हायचा. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं. लाकूड पाणी पितं, फुगतं. ऊन खातं, आकसतं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

म्हणूनच मे महिन्याच्या मध्याला उदयसिंहाचा फोन आला तेव्हा अर्जुनाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"दार फुगलंय, मिस्त्री. माझ्या खोलीचं. येऊन जावा."

"आत्ता? मे महिन्यात?"

"आवं, मला तरी काय ठावं. हलंना झालंय. या तुमी."

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. वळवाचा एक थेंब पडला नव्हता. त्या वर्षी हिवाळा आलाच नव्हता म्हणा ना. आंब्याचा मोहोर संक्रांतीलाच गळून पडला होता. अर्जुनाच्या स्वतःच्या घरातली दारं आकसून एवढी सैल झाली होती की वाऱ्यानं आपोआप उघडत होती.

उदयसिंहाचा बंगला गावाबाहेर, उसाच्या मधोमध होता. घरची बागाईत होतीच, पण त्याचा जीव लाकडाच्या धंद्यात. डोंगरातली झाडं खरेदी करायची, तोडायची आणि सांगलीच्या वखारींना द्यायची. माणूस चाळिशीतला, मोकळा, हसरा. बंगला गेल्या दिवाळीला बांधून झाला, तेव्हा घरातली सगळी दारं अर्जुनानंच बसवली होती. लाकूड नाणा झाडाचं होतं. सागवानाच्या खालोखाल हेच, पश्चिमेच्या डोंगरात होणारं. भरीव, तांबूस, वळण न घेणारं. एवढं उत्तम सुकलेलं लाकूड अर्जुनाच्या हाताखाली बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

तेच दार आता खालच्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला चौकटीत गच्च रुतून बसलं होतं. अर्जुनानं आणि उदयसिंहानं मिळून ओढलं तेव्हा ते सुटलं. सुटताना आवाज झाला, तो लाकडानं लाकूड घासल्याचा नव्हता. चिखलात रुतलेला पाय बाहेर काढताना होतो, तसा होता.

२

दार उतरवून अंगणात आडवं टाकलं आणि अर्जुनानं रंधा धरला. पहिला हात फिरवला आणि थांबला. रंध्यातून निघालेली ढलपी कोरडी, कुरकुरीत निघायला हवी होती. ती ओली होती. बोटांना चिकटत होती. त्यानं ती नाकाशी नेली. पावसाळी मातीचा वास, आणि त्याच्या मागं विझलेल्या आगीचा.

"भिंतीत पाइप गळत असंल," तो म्हणाला.

उदयसिंहानं खोली उघडून दाखवली. एक टेबल, एक खुर्ची, एसी, मागच्या उसाकडं उघडणारी एक गज बसवलेली खिडकी. त्या बाजूला ना नळ, ना मोरी, ना वर टाकी. अर्जुनानं भिंतीला पालथा हात लावून पाहिला. भिंत तापलेली होती, ठणठणीत कोरडी. चौकटही कोरडी. ओल होती ती फक्त दारात.

त्यानं दोन सूत लाकूड काढलं. कड गुळगुळीत केली आणि सवयीप्रमाणे कडेपासून एक सूत आत, वरून खालपर्यंत पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवली. परत काढायची वेळ आली तर माप हाताशी असावं म्हणून. दार बसवलं. बोटाच्या धक्क्यानं उघडत होतं, मिटत होतं.

तिसऱ्या दिवशी परत फोन आला.

ह्या खेपेला अर्जुनानं दार उतरवलं आणि आधी आपली रेघ शोधली. रेघ होती. पण ती कडेपासून एक सूत आत नव्हती. बोटभर आत गेली होती. रेघेच्या बाहेर जे लाकूड होतं ते तांबूस नव्हतं. पांढरट होतं, कोवळं. जिवंत झाडाच्या सालीखाली असतं तसं. अर्जुनानं त्यात नख रोवलं, तर नखाच्या खुणेत पाणी भरून आलं.

फुगलेलं लाकूड सगळीकडून फुगतं. रेघही त्याच्याबरोबर सरकते, पसरते. हे तसं नव्हतं. हे रेघेच्या बाहेर वाढलं होतं.

तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. उन्हानं डोळे दिपले असतील, मागच्या वेळी रेघ ओढताना हात चुकला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मग ते पांढरं लाकूड काढून टाकलं. रंध्याखाली ते फार सहज सोलून निघालं.

३

"कुठलं लाकूड हे, दादा?" त्यानं चहा घेताना विचारलं.

उदयसिंह पायरीवर बसून फोनमध्ये काहीतरी बघत होता. मान वर न करता म्हणाला, "कोयनेच्या वरलं. पाटणच्या पल्याड. हेळदरे म्हणून गाव हाय. होतं म्हणा आता."

अर्जुनानं हातातली कपबशी नीट खाली ठेवली.

"त्या गावाच्या माथ्यावर मालकीचं रान घेतलं हुतं मी. लय जुनी झाडं, दोघांच्या कवेत मावंनात. तीन वर्सामागं वणव्यात जळालं. उभी जळाली, म्हंजे वरनं काळी, आतनं ठणठणीत. पावसाच्या आधी उचललं सगळं. चांगलं रान हुतं." मग त्याला काहीतरी आठवलं. "तिथंच नंतर डोंगर खाली आला. ऐकलं असशीला तुमी. पेपरात आलं हुतं."

"व्हय," अर्जुना म्हणाला. "ऐकलं हुतं."

"लय वाईट झालं. ढगफुटीच ती. दोन दिवसात महिन्याभराचा पाऊस. कोण काय करणार?"

संयोगिता, उदयसिंहाची बायको, दारात उभी होती. रिकामी कपबशी न्यायला ती आली होती, पण उचलायची विसरून नवऱ्याच्या पाठीकडं बघत राहिली होती.

४

हेळदऱ्याला अर्जुनाची थोरली बहीण दिली होती. साळूबाई. तो तिला आक्का म्हणायचा. आई लवकर गेली, तेव्हा अर्जुनाला आक्कानंच वाढवलं. त्याचं पहिलं रंध्याचं पातं तिनंच घेऊन दिलं. लग्न होऊन ती डोंगरात गेली, नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. एक म्हैस, चार वाफे नाचणी आणि माथ्यावरचं रान, एवढ्यावर तिचं चालायचं. रान आपलं नाही हे तिला माहीत होतं. पण हिरडा त्यातूनच यायचा, पाणी त्यातूनच यायचं, आणि पावसाळ्यात डोंगराची माती जागेवर धरून ठेवायचं कामही तेच रान करत होतं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पाय जमिनीवर टेकलेत हे कोण बोलून दाखवतं?

फाल्गुनात रान जळालं. आक्का फोनवर म्हणाली होती, "तीन दिस जळत हुतं, अर्जू. रातीला उजेडात म्हस न्हाई बसली खाली." मग झाडं गेली. मशीन लावून, रस्ता कापून, एकूण एक. उरली ती मुळं, जमिनीत जळालेली, कुजणारी.

आणि आषाढात पाऊस आला तो रिमझिम पडणारा नव्हता. दोन दिवस, दोन रात्री, कुणीतरी वरून ओतत असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन आला. आवाज तुटत होता. "वढा थांबलाय बग. एवढ्या पावसात वढ्याला पाणी न्हाई. आनि भुईतनं गुरगुर येतीया. तू येतोस काय? मला घिऊन जा."

अर्जुनाकडं त्या दिवशी तीन दारं होती. रस्ते बंद असल्याचं बातम्यांत सांगत होते. तो म्हणाला, "उद्या येतो, आक्का. पाऊस जरा कमी हुदे."

दुपारी दोनला डोंगर खाली आला. अकरा माणसं गेली. सात सापडली, चार सापडली नाहीत. नवव्या दिवशी शोध थांबला, तेव्हा अर्जुना तिथंच होता. तांबड्या चिखलाचा एक लांबरुंद पट्टा डोंगराच्या माथ्यापासून नदीपर्यंत पसरला होता, आणि त्यात कुठंतरी आक्का होती. नेमकी कुठं, हे त्याला कुणी सांगू शकलं नाही.

तीन वर्षं तो स्वतःलाच दोष देत होता. दुसरं कुणी दोष देण्यासारखं आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं. पावसाचं कुणी काय करणार?

आणि आता त्या माथ्याचं लाकूड त्यानं आपल्या हातानं रंधून, घासून, पॉलिश करून दुसऱ्याच्या घरात बसवलं होतं.

५

तिसऱ्या खेपेला उदयसिंह घरी नव्हता. संयोगितानं फोन केला होता. आता फक्त ते एकच दार नव्हतं; माजघराचं, जिन्याखालचं, वरच्या दोन्ही खोल्यांचं, सगळीच जड झाली होती. पण अडकत होतं ते तेवढंच एक, त्याच्या खोलीचं. आणि तो आत असतानाच.

"रोज दुपारी आत बसत्यात एसी लावून," ती म्हणाली. "परवा अर्धा तास अडकले. काल तासभर. मी भायेरनं ओढत हुते. मामा, दारावर हात ठेवला की आतनं हादरा जानवतो. ट्रक लांबनं आल्यावर जमीन हादरती, तसा."

अर्जुनानं दारावर तळवा ठेवला. प्रथम काही नाही. मग जाणवलं. दूरवर, खूप खोल, काहीतरी जड सरकत होतं. थांबत होतं. पुन्हा सरकत होतं. त्यानं हात काढला. बाहेर उसात पंप चालू असेल, तो म्हणाला. संयोगिता म्हणाली, लाइट सकाळपासून गेलीय.

अर्जुनानं तळवा कपड्याला पुसला.

मग ती एकदम म्हणाली, "मामा, त्यो वणवा लागला नव्हता."

"म्हंजे?"

"लावला हुता." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "हिरवी झाडं तोडायला कागद मिळत नव्हते. जळकी काढायला मिळत्यात. ह्यांनी दोन मानसं पाठवली. मी हितं सैपाकघरात हुते, हे फोनवर बोलत हुते. म्हनाले, वारं सुटू द्या, मग लावा. त्या साली थंडी पडलीच नव्हती, गवत माघातच वाळलं हुतं. मला वाटलं, रानच तर हाय. मी काय बोलले न्हाई. आनि मग आषाढात…" ती थांबली. "पेपरातले फोटो बगितले मी. एक म्हातारी हुती त्यात, म्हशीसंगं. बेपत्ता म्हनून."

अर्जुनाला तो फोटो माहीत होता. त्यानंच पेपरवाल्याला दिला होता.

त्यानं पेटी उघडली, रंधा काढला, तो हातात धरला आणि परत पेटीत ठेवला. पेटी बंद केली. डोक्यात राग नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं. आत सगळं थंड, स्वच्छ झालं होतं, आणि त्या स्वच्छ जागेत एकच गोष्ट उभी होती.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी चार दिस म्हायेरी जावा. तासगावला."

"कशापायी?"

"दारं सगळी उतरवायची हायेत. धूळ लय हुईल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. आत्ताच्या आत्ता काम सुरू न करता मिस्त्री पेटी उचलून निघाला होता, हे तिला दिसलं. तरी तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली.

६

"मिस्त्री, आत अडकलोय परत," उदयसिंह फोनवर हसत होता. दुपारचे दीड वाजले होते. "भायेरचं दार उघडं हाय, या सरळ. लाइट गेलीया. घाई न्हाई, पन या."

अर्जुना जेवत होता. त्यानं भाकरी संपवली, हात धुतला, चूळ भरली. लीलाबाई, त्याची बायको, म्हणाली, एवढ्या उन्हात कुठं निघाला? तो म्हणाला, दार उघडायला. स्कूटर त्यानं सावकाश चालवली.

बंगल्यात शिरला तेव्हा पहिल्यांदा गारवा जाणवला. मे महिन्यातल्या दुपारी, वीज नसलेल्या घरात, ओलसर गारवा. बोळाच्या टोकाला दार होतं. फुगून त्याचं पोट पुढं आलं होतं. पॉलिश तडकलं होतं आणि तड्यांतून पांढरं, कोवळं लाकूड दिसत होतं. दाराखालच्या फटीतून पाणी आलं होतं, फरशीवर हातभर पसरलं होतं. पाणी तांबडं होतं.

पलूसची माती काळी.

"आलासा का?" आतून आवाज आला. त्यात हसू नव्हतं आता. "मिस्त्री, लवकर करा. हितं पानी शिरलंय कुठनंतरी. फोन पडला पान्यात. घोट्याएवढं झालंय."

दार बोळाकडं उघडणारं होतं, म्हणून तिन्ही बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. अर्जुनानंच बसवलेल्या. पटाशीचं टोक लावून खालून हातोडीचे दोन दोन ठोके, की खिळे वर येतात आणि दार कितीही फुगलेलं असो, बिजागरीच्या बाजूनं सुटतं. दोन मिनिटांचं काम. अर्जुनानं पेटी खाली ठेवली, आणि तिच्यावर बसला.

"मिस्त्री?"

"हाय मी."

"मग उघडा की!"

"हेळदऱ्याची साळूबाई," अर्जुना म्हणाला, "माजी थोरली भन. म्हशीसंगं फोटो आला हुता तिचा."

आत बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज होता. थेंबांचा. मग थेंबांचा राहिला नाही. पानांवर पाऊस पडावा तसा, दाट, सगळीकडून.

"अर्जुनाभाऊ," उदयसिंहाचा आवाज बदलला होता. "मला न्हवतं ठावं. आईशपथ. तुमी म्हनशीला ते करतो, पन आदी दार उघडा. पानी ढोपराला लागलंय. आनि हितं भिंत दिसंना झालीया मला."

"वणवा तुमी लावला."

"लावला! लावला, बास? पन डोंगर मी पाडला न्हाई! त्यो पाऊस मी पाडला व्हय? दोन दिसात एवढा पाऊस बापजन्मात कुनी बगितला न्हवता! समदीकडंच पडाय लागलाय तसा, त्येला मी काय करू?"

अर्जुनाला उत्तर माहीत होतं. पाऊस उदयसिंहानं पाडला नव्हता. पण पाऊस येईल तेव्हा डोंगराला धरून ठेवणारे हात त्यानं आधीच तोडले होते, आणि ते हात आता ह्या दारात होते. ते सांगायची गरज नव्हती. जे सांगायचं ते तेच सांगत होते.

धक्के सुरू झाले. उदयसिंह आतून अंग टाकत होता. दार हललं नाही. मग तो ओरडायला लागला, आधी मदतीला कुणी या म्हणून, मग नुसताच. उसात कुणी नव्हतं. अर्जुना पेटीवर बसून आपल्या हातांकडं बघत होता.

ओरडणं एकदम थांबलं.

"मिस्त्री," उदयसिंह म्हणाला. आवाज इतका हलका होता की अर्जुनाला दाराशी वाकावं लागलं. "हितं एक बाई हाय."

अर्जुनानं कान दाराला टेकवला.

"म्हातारी हाय. छातीपतोर रुतलीया. ती म्हनतीया… ती म्हनतीया, अर्जू, दार उघड गा. लय दम कोंडलाय."

अर्जुनाला अर्जू म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

पण लगेच डोकं चालायला लागलं. बहिणीचं नाव आपणच आत्ता ह्याला सांगितलं. अर्जुनाचं अर्जू करायला काय लागतं? हा व्यापारी माणूस, डोंगरातल्या माणसांकडून बोलून बोलून रानं घेणारा. आपल्याला कशानं पाझर फुटेल, हे त्यानं ओळखलंय. एवढंच. नाहीतर आक्काला आत यायचं काय कारण? आणि समजा आली, तर ती सूड घ्यायला आली असेल. दार उघड कशाला म्हणेल?

"खोटं बोलू नगंस," तो दाराला तोंड लावून म्हणाला. पहिल्यांदाच तो उदयसिंहाशी एकेरीत बोलला होता. "तिचं नाव तुज्या तोंडात घिऊ नगंस."

"मी न्हाई… तीच… मिस्त्री, वरनं येतंय काहीतरी. वर माथ्यावर. झाडं हलाय लागल्यात. मिस्त्री…"

मग तो आवाज आला. अर्जुनानं तो कधी ऐकला नव्हता, पण ऐकताच ओळखला. आक्कानं फोनवर सांगितलेली गुरगुर, आता दाराच्या पलीकडं, सगळी, एकदम. बोळातली फरशी हादरली. पेटीतली हत्यारं एकमेकांवर खणखणली. आणि मग शांत झालं. पाऊसही थांबला.

अर्जुना उभा राहिला. झालं, असं त्याला वाटलं. त्यानं श्वास सोडला. तीन वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. तो वाकून पेटी उचलायला गेला.

आणि दारावर थाप पडली.

पुरुषाची नव्हती. हलकी होती, थकलेली. खाली, ढोपराएवढ्या उंचीवर. छातीपर्यंत जमिनीत रुतलेल्या माणसाचा हात जिथवर पोचेल, तिथं. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा.

त्यानं पेटी उपडी केली, पटाशी शोधली, हातोडी शोधली, पहिल्या बिजागरीला लावली. पहिला ठोका चुकून बोटावर बसला. खालून थापा येत होत्या, घाई नसलेल्या, एकामागून एक. दुसरा खिळा निघाला. थापांमधलं अंतर वाढलं. "आलो, आक्का, आलो," तो म्हणत होता. तिसरा खिळा गंजल्यासारखा घट्ट बसला होता. त्यानं पटाशी फटीत घालून सगळं अंग टाकलं. दाराची कड बोटभर सुटली.

त्या बोटभर फटीतून त्याला दिसलं. खोली नव्हती. करडा, पावसाळी उजेड होता, आणि वर वर जाणारा उतार, आणि त्यावर काळे पडलेले उभे बुंधे, दाटीनं. बुंध्यांच्या खाली, अगदी फटीजवळ, चिखलातून कुणीतरी मान वर करून त्याच्याकडं बघत होतं.

खिळा निघाला. दार अंगावर आलं. इतकं हलकं की त्याला ते एका हातानं धरता आलं.

आत टेबल होतं, खुर्ची होती, गजांची खिडकी होती. खिडकीतून मेमधलं पांढरं ऊन फरशीवर पडलं होतं. फरशी कोरडी. उदयसिंह दाराजवळ आडवा पडला होता, कपडे कोरडे, डोळे उघडे.

७

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. उन्हात, बंद खोलीत, वीज नसताना असं होतं. ह्या वर्षी तालुक्यातला हा चौथा. अर्जुनानं शेजारच्या मळ्यातून माणसं बोलावली, पोलिसांना जबाब दिला: फोन आला, येईपर्यंत उशीर झाला, दार फुगलं होतं. दार तपासलं तेव्हा ते कोरडं, सडसडीत होतं. पण कुणी त्यावर फारसं बोललं नाही. उदयसिंहाच्या नखांत तांबडी माती होती. तीही आंघोळ घालताना धुऊन गेली.

तेराव्यानंतर संयोगितानं निरोप धाडला. सगळी दारं काढून न्या, मला एकही नको. अर्जुनानं ती काढली. शेवटचं दार ट्रॉलीत चढवताना ती जवळ आली. खूप बारीक झाली होती.

"मामा, तुमी पोचला तवा हे जिते हुते का?"

अर्जुनानं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "व्हय," तो म्हणाला.

"मला म्हायेरी धाडलं तवाच मला समजलं हुतं," ती म्हणाली. "तरी गेले मी." मग तिनं विचारलं, "काय म्हनत हुते?"

"दार उघड म्हनत हुते."

"अजून काय?"

अर्जुनानं दोरीची गाठ आवळली. "अजून काय न्हाई," तो म्हणाला.

बाकीची दारं त्यानं हेळदऱ्याला नेली, त्या तांबड्या पट्ट्याच्या कडेला खड्डा करून पुरली. आता त्या पट्ट्यावर गवत आलं होतं, पण झाड एकही नव्हतं. त्या खोलीचं ते एक दार मात्र त्याला पुरावंसं वाटेना. ते त्यानं घरी आणलं आणि मागच्या छपरात भिंतीला टेकवून उभं केलं. त्याला आता ना चौकट होती, ना पलीकडं खोली. पलीकडं विटांची भिंत होती आणि भिंतीच्या पलीकडं शेजाऱ्याचा गोठा.

आषाढ आला. पाऊस नेहमीसारखा वेड्यावाकड्या वेळी, कोसळून कोसळून पडला. गावातली दारं फुगली, फोन वाजायला लागला. अर्जुना जातो, दोन सूत काढतो, चहा घेतो, परत येतो. दुपारी जेवायच्या आधी मात्र छपरात जातो. दारापुढं मांडी घालून बसतो. लाकूड कोरडं असतं, तांबूस, मेलेलं. तो ढोपराएवढ्या उंचीवर, हलक्या हातानं, दोनदा थाप मारतो आणि कान लावून थांबतो.

"जेवायला चला की," लीलाबाई आतून हाक मारते.

"आलो," तो म्हणतो. पण उठत नाही. आणखी थोडा वेळ थांबतो.